कॉमन्सवर आपल्या गावचे फोटो नीट लावून ठेवायचे कसे

"फोटो तर टाकलो की ओ काका, मग सापडंना कसा?"

खानापूर तालुक्यातल्या एका कॉलेजच्या पोरानं मला हे विचारलं. त्यानं हलशीच्या भूवराह नरसिंह मंदिराचे बावीस फोटो विकिमीडिया कॉमन्सवर चढवले होते. फोटो खरोखर चांगले होते. सकाळच्या उन्हात उजळलेला दगड, शिखराची रेघ न् रेघ स्पष्ट. पण नावं 'टेंपल १' पासून 'टेंपल २२' पर्यंत, वर्णन तुटपुंजं, आणि वर्गाच्या (कॅटेगरीच्या) जागी गावाचं नाव एक अक्षर चुकवून लिहिलेलं. फोटो तिथंच होते, पण हलशीचं मंदिर शोधणाऱ्या कुणाच्याही हाती लागण्यासारखे नव्हते. एका संध्याकाळी आम्ही दोघं बसलो आणि ते लावून घेतले. त्या दिवशी त्याला जे सांगितलं तेच इथं जरा सविस्तर लिहितोय, कारण आपल्या भागातल्या अनेकांचं घोडं नेमकं इथंच अडतं.

ज्यांना कॉमन्स माहीत नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. ७ सप्टेंबर २००४ ला सुरू झालेला हा चित्रं, ध्वनी आणि व्हिडिओंचा सामायिक साठा आहे. आज त्यात दहा कोटींहून जास्त फाइली आहेत. मराठी विकिपीडिया आणि कन्नड विकिपीडिया, दोन्ही २००३ सालचे, याच साठ्यातून चित्रं घेतात. म्हणजे तुम्ही हलशीचा एक फोटो नीट ठेवलात की तो मराठी लेखातही लागतो आणि कन्नड लेखातही. दोन वेळा चढवायची गरज नाही. मला या कामाची ओढ लागली ती याच गोष्टीमुळं.

मात्र दहा कोटींच्या ढिगात तुमचा फोटो दिसायचा तर तो योग्य फडताळात आणि योग्य चिठ्ठी लावून ठेवायला हवा. आपल्याकडं ही चिठ्ठीच अवघड. बेळगाव म्हणा, बेळगावी म्हणा, जुन्या इंग्रजी कागदांत बेलगाम सापडेल. १ नोव्हेंबर २०१४ ला कर्नाटकातल्या बारा शहरांची सरकारी नावं बदलली, त्यात हेही बदललं. त्याआधीचे फोटो एका नावानं, नंतरचे दुसऱ्या नावानं. निपाणी आणि निप्पाणी, चिकोडी आणि चिक्कोडी, सौंदत्ती आणि सवदत्ती, हलशी आणि हलसी. इंग्रजी स्पेलिंगमध्ये तर कुणी मधला 'ए' घालतो, कुणी गाळतो. एकाच गावाचे फोटो चार नावांखाली विखुरतात आणि शोधणाऱ्याला वाटतं की या गावाचा फोटोच नाही.

फोटो काढतानाच अर्धं काम होतं

जागेवर पोचलात की पहिला फोटो पाटीचा काढा. मंदिराची पाटी, गल्लीची पाटी, पुरातत्त्व खात्याचा फलक, जे असेल ते. तो अपलोड करायचा नाही, स्वतःच्या आठवणीसाठी ठेवायचा. महिन्याभरानं फोन उघडला की हा दरवाजा बेळगाव किल्ल्यातल्या कमल बस्तीचा (बस्ती म्हणजे जैन मंदिर) की दुसऱ्या कुठल्या बस्तीचा हे सांगणं अवघड जातं. पाटीचा फोटो मध्ये असला की पुढचे दहा फोटो कुठले ते आपोआप कळतं.

फोनच्या कॅमेऱ्यात लोकेशनची सोय चालू ठेवा. फोटोच्या पोटात अक्षांश-रेखांश साठतात आणि अपलोड करताना कॉमन्स ते स्वतः वाचून घेतं. फक्त कुणाच्या घरातला फोटो असेल तर ही सोय बंद करून काढा, घराचा पत्ता जगाला द्यायचं कारण नाही.

आणि फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरवू नका. तिथून गेला की आकार दाबला जातो, तारीख, जागा, कॅमेऱ्याचं नाव सगळं पुसलं जातं. वर असा फोटो तपासणाऱ्याला साहजिकच शंका येते की हा कुठून तरी उचललेला आहे. फोनमधून थेट चढवा, नाहीतर केबलनं संगणकावर घ्या. आयफोनवाल्यांनी कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन जेपेगमध्ये फोटो साठवायचा पर्याय निवडावा, कारण आयफोनची एचईआयसी फाइल कॉमन्स घेत नाही. व्हिडिओचंही तसंच आहे: एमपी-फोर चालत नाही, वेबएममध्ये बदलून घ्यावा लागतो.

हा फोटो तुमचा आहे का?

फोनमध्ये आहे म्हणून तो आपला होत नाही. मित्रानं ग्रुपवर टाकलेला फोटो मित्राचा. वर्तमानपत्राचं कात्रण वर्तमानपत्राचं. तुम्ही स्वतः काढलेला फोटोच बिनघोर चढवा. अपलोड विझार्डमध्ये, म्हणजे कॉमन्सच्या फोटो चढवायच्या पानावर, 'ही माझी स्वतःची कृती' असं म्हटलं की तो क्रिएटिव्ह कॉमन्सचा एक परवाना पुढं करतो. सोप्या भाषेत त्याचा अर्थ असा: कुणीही हा फोटो वापरावा, अगदी धंद्यासाठीही, फक्त माझं नाव द्यावं आणि त्यात बदल करून पुढं दिला तर त्याच अटीवर द्यावा. हा परवाना मागे घेता येत नाही. चुकून भलताच फोटो चढला असेल तर सात दिवसांच्या आत काढून टाकायची विनंती करा, तेवढ्यात सहसा ऐकलं जातं. नंतर कारण द्यावं लागतं. धंद्यासाठी वापर नको अशी अट घालायची असेल तर कॉमन्स तो फोटो घेतच नाही, हे आधीच माहीत असलेलं बरं.

आपल्या भागात तीन ठिकाणी लोक हमखास अडकतात, म्हणून ती नीट सांगतो.

पहिलं म्हणजे फ्लेक्स. आपल्या चौकाचौकांत फ्लेक्स असतात. भारताच्या कॉपीराइट कायद्याप्रमाणं सार्वजनिक जागी कायमस्वरूपी उभी असलेली इमारत किंवा पुतळा यांचा फोटो मोकळेपणानं देता येतो. संभाजी चौकातल्या पुतळ्याचा फोटो चालेल. पण फ्लेक्स, भित्तिचित्र, पोस्टर अशा सपाट चित्रांना ही सवलत नाही. चौकाचा फोटो काढताना कोपऱ्यात फ्लेक्स आला तर हरकत नाही, नुसत्या फ्लेक्सचा फोटो मात्र देऊ नका.

दुसरं, गणपती आणि शिवजयंतीचे चित्ररथ. कायद्यातला शब्द 'कायमस्वरूपी' असा आहे. सार्वजनिक मंडळाची मूर्ती अकरा दिवसांची, चित्ररथ एका रात्रीचा. मूर्ती ही मूर्तिकाराची कला आहे आणि ती सवलतीत बसत नाही. म्हणून मूर्तीचा जवळून घेतलेला फोटो टाळून मिरवणुकीचा फोटो घ्या: गर्दी, ढोल, लेझीम, रस्त्यावरचे दिवे, लांबवर चित्ररथ. खरं सांगायचं तर ज्ञानकोशाला तोच फोटो जास्त उपयोगी पडतो. बेळगावची शिवजयंतीची मिरवणूक कशी असते हे मूर्तीच्या चेहऱ्यावरून कळत नाही, रात्री दोनला माणसांनी भरलेला रस्ता बघून कळतं.

तिसरं, आजोबांचा अल्बम. जुने फोटो म्हणजे सोनं, पण फोटो कागदावर आपल्याकडं असणं वेगळं आणि त्याचा हक्क आपल्याकडं असणं वेगळं. २०१२ च्या दुरुस्तीनंतर छायाचित्रालाही इतर कलाकृतींसारखं काढणाऱ्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षांचं संरक्षण मिळतं. एक दिलासा मात्र कायद्यातच आहे: पैसे देऊन कुणाकडून फोटो काढून घेतला असेल आणि वेगळा करार झालेला नसेल, तर पहिला हक्क काढून घेणाऱ्याचा. आजोबांनी स्टुडिओत पैसे मोजून काढून घेतलेला फोटो म्हणजे हक्क आजोबांचा, आणि त्यांच्यानंतर वारसांचा. असा फोटो द्यायचा असेल तर वारसांची संमती लेखी घ्या आणि कॉमन्सच्या परवानगी-पथकाला, ज्याला तिथं व्हीआरटी म्हणतात, ईमेलनं कळवा. १९२४ च्या डिसेंबरात बेळगावात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन भरलं होतं. त्या काळचे फोटो आपल्याकडच्या एखाद्या पेटीत अजून असतील तर ते बाहेर यावेत असं मला मनापासून वाटतं, पण घाईनं चढवून उडवले जाण्यापेक्षा आधी मदत-पानावर विचारून, कागद जमवून चढवलेले बरे.

माणसांचं काय, असंही पुष्कळजण विचारतात. बाजारातली गर्दी ठीक. एकट्या माणसाचा चेहरा ओळखू येत असेल तर विचारून घ्या, मुलांच्या बाबतीत आईबापांना. ऊसतोडीच्या फडात किंवा निपाणीकडं तंबाखूच्या शेतात राबणाऱ्या बाईचा फोटो जगभर जाणार आहे, हे तिला तिच्या भाषेत सांगायला दोन मिनिटं लागतात.

फाइलचं नाव

नाव असं हवं की फोटो न बघताही तो कशाचा ते कळावं. काय, कुठलं, कुठला भाग, कधी. 'हलशी भूवराह नरसिंह मंदिर, गर्भगृहाचे द्वार, २०२४' हे चांगलं नाव. 'सुंदर मंदिर' वाईट. कॅमेऱ्यानं दिलेलं नाव आणि आकडा तसाच ठेवलात तर कॉमन्स बहुतेक वेळा अडवतंच. नावात तिरपी रेघ, विसर्गासारखे दोन टिंब आणि चौकोनी कंस चालत नाहीत, त्यामुळं तारीख लिहिताना तिरपी रेघ टाळा.

नाव कुठल्याही लिपीत देता येतं. देवनागरीत दिलंत म्हणून कुणी ते इंग्रजीत बदलू शकत नाही, तसा नियमच आहे. पण एक तांत्रिक गोष्ट ध्यानात घ्या. नावाला २४० बाइटांची मर्यादा आहे. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन, आणि काना-मात्रा-अनुस्वार वेगळे मोजले जातात. 'मंदिर' लिहायला पाच चिन्हं, म्हणजे पंधरा बाइट. एकूण ऐंशी चिन्हांत नाव बसवायचं. मी स्वतः फाइलचं नाव इंग्रजी अक्षरांत ठेवतो आणि मराठी मजकूर वर्णनात देतो. कारण धारवाडचा एखादा कन्नड संपादक यादी चाळत असेल तर त्यालाही ते वाचता यावं. तुम्हाला देवनागरी बरं वाटत असेल तर तेही तितकंच योग्य.

चढवल्यावर नाव स्वतः बदलता येत नाही, तो अधिकार ठराविक सदस्यांकडं असतो. फाइलच्या पानावर नाव बदलण्याची विनंती टाकायची. निरर्थक नाव किंवा चुकीची ओळख असेल तर बदलून मिळतं, नुसतं अजून छान नाव सुचलं म्हणून नाही.

कॅप्शन आणि वर्णन

कॅप्शन एका ओळीचं, वर्णन सविस्तर. दोन्ही अनेक भाषांत देता येतात. वर्णनाच्या चौकटीखाली आणखी एक भाषा जोडायचं बटण असतं, ते दाबा, यादीतून मराठी निवडा, पुन्हा दाबा, कन्नड निवडा, पुन्हा दाबा, इंग्रजी.

गावाच्या नावांचा गुंता सुटतो तो इथं. वर्गाचं नाव एकच असू शकतं, पण वर्णनात तुम्हाला हवी तेवढी नावं लिहिता येतात, आणि शोधपेटी वर्णनही वाचते. मी असं लिहितो: 'हलशी (हलसी), ता. खानापूर, जि. बेळगाव (बेळगावी), कर्नाटक. प्राचीन नाव पलाशिका. गोव्याच्या कदंबांच्या काळातलं, बाराव्या शतकातलं मंदिर.' येळ्ळूरच्या किल्ल्याचा फोटो असेल तर राजहंसगड आणि येळ्ळूर गड दोन्ही लिहा. बेळगावचे लोक दोन्ही म्हणतात. कन्नड लिहिता येत नसेल तर शेजारच्या कुणाला विचारा. आपल्याकडं प्रत्येक गल्लीत दोन्ही भाषा लिहिणारा माणूस सापडतो, ही सोय पुण्याच्या संपादकाला नाही.

माहिती जेवढी पक्की तेवढीच लिहा. 'हजार वर्षांपूर्वीचं' असं गावातले लोक सांगतात म्हणून लिहू नका. फोटोत जे दिसतं ते मात्र बारकाईनं लिहा: कुठल्या बाजूनं काढला, मूर्ती कुणाची, शिलालेख कुठल्या लिपीत, डागडुजी झाली आहे का. पन्नास वर्षांनी हेच उपयोगी पडणार आहे.

एकाच ठिकाणचे वीस फोटो असतील तर पहिल्याची माहिती भरून बाकीच्यांवर ती नकलून घेण्याची सोय विझार्डमध्ये आहे. वापरा, पण नंतर प्रत्येकात त्या फोटोपुरतं एक वाक्य बदला. नाहीतर बावीस फोटोंना एकच वर्णन लागतं आणि दार कुठलं, शिखर कुठलं हे पुन्हा बघूनच ठरवावं लागतं.

वर्ग, म्हणजे कॅटेगरी

सगळ्यात जास्त चुका इथं होतात, म्हणून वेळ घेऊन वाचा.

वर्गाला फोल्डर समजू नका. फोल्डरमध्ये फाइल एका जागी असते. इथं एकच फोटो चार वर्गांत दिसतो आणि तरी तो एकच असतो. एकच बाई वडगावची लेक असते आणि शहापूरची सून असते, तसं. हलशीच्या फोटोला हलशी गावाचा वर्ग, कदंब वास्तुकलेचा वर्ग आणि शिल्पाचा जवळून घेतलेला फोटो असेल तर त्या देवतेच्या शिल्पांचा वर्ग, असे तीन योग्य.

पण एकाच ओळीतले आजोबा, बाप आणि नातू तिघांना एकत्र बसवायचं नाही. कमल बस्तीचा फोटो कमल बस्तीच्या वर्गात जातो. तो वर्ग बेळगाव किल्ल्याच्या वर्गात आहे, किल्ला बेळगाव शहरात, शहर जिल्ह्यात. तुम्ही फोटो कमल बस्तीत ठेवला की तो साखळीनं या सगळ्यांत पोचलाच. वर पुन्हा किल्ला, शहर, जिल्हा असे वर्ग लावले तर जिल्ह्याच्या वर्गात शेकडो सुटे फोटो साचतात आणि तिथं काहीच सापडत नाही. सगळ्यात नेमका, सगळ्यात खालचा वर्ग शोधायचा. फोटोत कमल बस्तीचं कमळाकृती छत आहे आणि त्या छताचा वेगळा वर्ग असेल, तर तिथं.

वर्गाचं नाव अंदाजानं लिहू नका. हलशीच्या पोरानं तेच केलं होतं. नाव लिहिल्यावर ते लाल दिसलं तर समजा की तसा वर्ग अस्तित्वात नाही, म्हणजे बहुतेक स्पेलिंग चुकलंय. निळं दिसलं तर आहे. यावर मी वापरतो तो सोपा उपाय असा: त्याच जागेचा दुसऱ्या कुणी काढलेला चांगला फोटो शोधा, त्याच्या पानाच्या तळाशी जा, तिथले वर्ग बघा. कुणीतरी आधी डोकं चालवलेलं असतं. असा फोटो नसेल तर कर्नाटकाच्या वर्गापासून जिल्हा, तालुका, गाव असं एकेक पायरी खाली उतरत जा.

वर्गांची नावं सर्वसाधारणपणे इंग्रजीत आणि इंग्रजी लिपीत असतात, आणि प्रकारांची नावं अनेकवचनात: टेंपल्स, फोर्ट्स, मार्केट्स. विशेषनाम जसं आहे तसं. याचं मलाही सुरुवातीला वाईट वाटलं होतं. पण शंभरांहून जास्त भाषांच्या लोकांना एकाच कपाटात फोटो लावायचे तर फडताळांवरच्या पाट्या एका भाषेत लागतात. आपली भाषा वर्णनात आणि कॅप्शनमध्ये पूर्ण हक्कानं येते, आणि वर्गाच्या पानावरही येते, ते पुढं सांगतो.

सारख्या नावांच्या गावांपासून सावध राहा. खानापूर बेळगाव जिल्ह्यात आहे तसं सांगली जिल्ह्यातही आहे. शहापूर म्हणजे आपल्याला बेळगावचं, सराफ गल्लीचं आणि साड्यांचं. पण एक शहापूर ठाणे जिल्ह्यात आहे, एक यादगीर जिल्ह्यात. वडगाव तर मोजायलाच नको. सूचनेच्या यादीत नुसतं गावाचं नाव दिसलं की थांबा, तो वर्ग उघडा, आतला एखादा फोटो बघा आणि मगच लावा.

नवा वर्ग कधी करावा? एकाच गोष्टीचे पाच-सहा फोटो जमले आणि आणखी येणार हे दिसत असेल तेव्हा. गोकाक धबधब्याचे फोटो भरपूर झाले की तिथल्या झुलत्या पुलाचे वेगळे काढणं शहाणपणाचं. एका फोटोसाठी वर्ग करू नका. वर्ग करणं सोपं आहे: फोटोला नव्या वर्गाचं नाव लावा, लाल दुवा दाबा, उघडलेल्या रिकाम्या पानाला त्याचे आईबाप वर्ग लावा आणि जतन करा. आईबाप न लावलेला वर्ग म्हणजे भिंतीला न टेकवलेलं कपाट, तिथपर्यंत कुणी पोचत नाही.

आणि नावांचा वाद. बेळगाव की बेळगावी, या प्रश्नावर आपल्यापैकी प्रत्येकाचं मत आहे आणि ते नुसतं स्पेलिंगपुरतं नाही हे मलाही ठाऊक आहे. तरीही वर्गाचं नाव बदलून, फोटो उचलून दुसरीकडं नेऊन तो वाद इथं खेळू नका. त्यात फोटो विखुरतात आणि शेवटी नुकसान गावाचंच होतं. प्रचलित असलेला एक वर्ग वापरा. दुसऱ्या स्पेलिंगवर पुनर्निर्देशन लावता येतं, म्हणजे त्या नावानं आलेला माणूस योग्य पानावर पोचतो. नाव बदलायलाच हवं असं वाटत असेल तर वर्गाच्या चर्चापानावर मुद्दा मांडा.

त्याहून चांगला उपाय विकिडेटाचा, म्हणजे विकिपीडियाच्या भावंड प्रकल्पांच्या सामायिक माहितीसाठ्याचा आहे. बहुतेक गावांची विकिडेटावर एकेक नोंद असते आणि त्या नोंदीला प्रत्येक भाषेत वेगळं नाव देता येतं. वर्गाच्या पानावर विकिडेटाची माहितीचौकट लावली की मराठी इंटरफेसवाल्याला बेळगाव दिसतं, कन्नडवाल्याला बेळगावी. फडताळ एक, पाटी वाचणाऱ्याच्या भाषेत. आपल्या तालुक्यातल्या गावांच्या नोंदींना मराठी नाव आहे का ते बघा, नसेल तर भरा. पाच मिनिटांचं काम आहे आणि त्या गावाच्या प्रत्येक फोटोला त्याचा फायदा होतो.

हाताशी ठेवायची अवजारं

खातं उघडल्यावर पसंतीक्रमात जाऊन भाषा मराठी करा, आणि तिथंच गॅजेट नावाच्या भागात दोन गोष्टी चालू आहेत का बघा.

हॉटकॅट हे फोटोच्या तळाशी वर्गांच्या बाजूला लहान अधिक-उणे चिन्हं दाखवतं. अधिक दाबून टाइप करायला लागलात की अस्तित्वात असलेले वर्ग सुचवतं, त्यामुळं स्पेलिंगची चूक होतच नाही. वरखाली बाण असतात, त्यांनी एक पायरी वरच्या किंवा खालच्या वर्गात जाता येतं. फोटो जिल्ह्याच्या वर्गात पडला असेल तर खालचा बाण दाबत दाबत नेमकी जागा गाठा.

कॅट-अ-लॉट ढिगासाठी. वर्गाचं पान उघडलं की खाली कोपऱ्यात ते दिसतं. फोटोंवर टिचकी मारत जा, जेवढे हवेत तेवढे निवडा, कुठल्या वर्गात न्यायचे ते लिहा, आणि हलवायचे की नुसते जोडायचे ते ठरवा. हलशीचे बावीस फोटो आम्ही यानंच दहा मिनिटांत लावले. नवख्यानं सुरुवातीला जोडणं वापरावं. हलवताना जुना वर्ग निघून जातो आणि कधीकधी तो योग्यच असतो.

फोटोच्या पानावर संरचित माहितीची एक खिडकीही असते. तिथं 'यात काय दिसतं' असं विचारलेलं असतं. मंदिर, धबधबा, कुंदा, जे दिसतं ते विकिडेटातून निवडा. वर्ग लावलेत तरी हे भरा, कारण शोधणारा कुठल्या भाषेत शोधेल सांगता येत नाही.

पहिल्या दिवशी पन्नास फोटो चढवू नका. पाच चढवा, प्रत्येकाचं नाव, वर्णन, वर्ग तपासा, दोन दिवसांनी पुन्हा उघडून कुणी काही बदललंय का बघा. अनुभवी लोक बदल करतात तेव्हा पानाच्या इतिहासात कारण लिहितात, त्यातून झपाट्यानं शिकायला मिळतं. आपल्या गावाच्या आणि तालुक्याच्या वर्गांना लक्षसूचीत घाला, म्हणजे तिथले बदल तुम्हाला कळत राहतील.

स्वतःचे फोटो नसले तरी काम भरपूर आहे. ज्यांना एकही वर्ग नाही अशा फाइलींचा कॉमन्सवर वेगळा ढीग असतो. शोधपेटीत आपल्या गावाचं नाव, त्याची वेगवेगळी स्पेलिंगं, एकेक टाकून बघा. 'टेंपल ७' नावाखाली एखादं देऊळ सापडेल जे तुम्ही रोज शाळेला जाताना बघितलंय. ते कुठलं हे हैदराबादच्या किंवा हॅम्बुर्गच्या संपादकाला कधीच ओळखता येणार नाही. तुम्ही ओळखलंत तर वर्णनात मराठी ओळ लिहा, वर्ग लावा, नाव बदलण्याची विनंती टाका. आणि ज्यानं तो चढवला असेल त्याच्या चर्चापानावर एक ओळ लिहून कळवा की त्याचा फोटो आता कुठं ठेवलाय.